गुण्या आणि दोन चौकटी

फार जुनी नाही ही गोष्ट. एका शाळेच्या वेल्डिंगच्या वर्गात एक गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, होता. कोपरा दिसला की काटकोन तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

एकदा मुलांनी स्टुलासाठी लोखंडाच्या दोन चौकटी जुळवल्या. पहिली म्हणाली, “छोटे टाके कसले मारता? एकदाच पक्की जोडा!” मुलांनी तसंच केलं. दुसरीला मात्र कोपऱ्यांवर वेल्डिंगचे नुसते ठिपक्याएवढे टाकेच मारले.

“ही अर्धवट का सोडली?” गुण्यानं विचारलं.

“बघ की तिच्या कोपऱ्यात बसून,” शेजारी पडलेली हातोडी म्हणाली.

गुण्या बसला, तर त्याच्या नि चौकटीच्या मधे बारीक फट! हातोडीनं हलकेच टोला दिला. चौकट काटकोनात आली आणि मगच मुलांनी ती पक्की जोडली.

गुण्या उत्सुकतेनं पहिलीकडे वळला. गार होताना आकसलेल्या जोडानं ओढल्यामुळे ती पार तिरकी झाली होती.

“मलाही एक टोला दे ना!” ती कळवळली.

“देईन गं बाई,” हातोडी म्हणाली, “पण आता तू ऐकायची नाहीस.”