आडवे ओरखडे

नाशिकच्या एका सहामजली व्यापारी इमारतीचे व्यवस्थापक टकले, मालकांच्या नजरेत भरायला भारी उतावीळ. इमारतीवरचे ॲल्युमिनियमचे पत्रे उन्हापावसाने काळवंडले होते. ते उजळायला धुणाऱ्यांची टोळी गच्चीवरून दोर सोडून काम करत होती. पण मालक येणार म्हटल्यावर टकलेंना धीर कुठला? भल्या सकाळी त्यांनी घरची तारेची घासणी आणली आणि दाराजवळचा पत्रा स्वतःच खसाखसा घासला. ऊन पडलं, तसे ओरखडेच ओरखडे दिसू लागले.

मालक आले आणि ते बघून भडकले. घाबरून टकलेंनी टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमाकडे, सोनबा घुगेंकडे, बोट दाखवलं. "यांनीच वाट लावली! हाकला सगळ्यांना." कालच सोनबांनी त्यांना आपल्या डब्यातली भाकरी दिली होती. ती आठवली आणि टकले मनात खजील झाले. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

सोनबा शांतपणे म्हणाले, "मालक, आम्ही दोराला लटकून घासतो. आमचं फडकं वरून खाली फिरतं. हे ओरखडे आडवे आहेत, आणि जमिनीवरून हात पुरेल तिथंच संपतात. खाली उभं राहून घासायचं, तर सहा मजले चढून दोर कशाला बांधू? आता प्रत्येकानं इथं उभं राहून हात वर करा. कुणाचा हात नेमका तिथवर पोचतो ते बघू."

सोनबांचा हात ओरखड्यांच्या वीतभर वर गेला. इमारतीच्या रखवालदाराचाही गेला. मग सगळे टकलेंकडे बघू लागले. टकलेंचा हात काही उठेना. मान मात्र खाली गेली.

सोनबा हळूच म्हणाले, "राहू द्या साहेब. सकाळपासून घासून हात भरून आला असेल."