खारडोंगरचं मीठ आणि वजीर वळू

एका राज्यात माणसांपेक्षा गुरांचा तोरा मोठा! रुंद छाती, उंच वशिंड, चाल अशी की रस्त्यातल्या पालख्या बाजूला व्हायच्या. या कळपाची धनीण होती राजकन्या कमळजा. राजाला मुकुटाचा अभिमान, तिला कळपाचा.

एकदा राजवाड्यात पंगत बसली. मानाच्या पाटावर होता मांत्रिक खारसिद्ध. वाढप्यांनी पाच पक्वान्नं वाढली, पण घात झाला! त्याच्या पानात मीठच वाढायचं राहिलं. अहो, पानात पहिला मान मिठाचा! मांत्रिक ताडकन उठला.

"माझ्या पानात मीठ नाही, तर तुमच्या गोठ्यातही नाही!"

तेव्हापासून गुरांपुढे ठेवलेल्या मिठाची वाळू होऊ लागली. गुरं भिंती चाटू लागली, हाडकं नि जुनी पायताणं चघळू लागली. कळपाचा म्होरक्या वजीर वळू एकदा बसला तो उठेचना. कमळजा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "ऊठ की रे, माझ्या राजा!"

वजीरच्या पाठीवरचा गायबगळा बोलला, "बाईसाहेब, रडून वळू उठत नसतो. नागिणीच्या वारुळाची तांबडी माती, मेल्या राक्षसाच्या हाडांची राख आणि खारडोंगरचं मीठ आणा. तिन्ही मळून ढेप करा. तिची वाळू होणार नाही."

गायबगळ्याला सोबत घेऊन कमळजा निघाली. वारुळावर नागिणीनं फणा काढला. "माती कोणासाठी?"

"माझ्या कळपासाठी."

त्या 'माझ्या'तला ताठा नागिणीला आवडला. ती बाजूला सरली. पुढं राक्षसाची हाडं सात बैलगाड्यांएवढी पडली होती. गायबगळ्यानं वणव्यातला निखारा चोचीत आणला नि त्यांची राख झाली. उरला खारडोंगर. तिथं खुद्द खारसिद्ध बसलेला!

"हवं तेवढं ने," तो म्हणाला. "पण जो माझं मीठ खाईल, तो मिठाला जागेल. तुझा कळप माझा होईल."

कळप गेला तर ती कसली धनीण? कमळजानं डोळे मिटून वजीरला आठवलं, आणि ती खुदकन हसली.

"कबूल. खाईल तो तुमचा."

तिनं दगडासारखी टणक ढेप केली नि गोठ्यात टांगली. वजीरनं मान उंचावून जीभ लावली. मग एकेक जनावर पुढं आलं. वजीर पाय झाडून उभा राहिला नि असा डुरकला की गोठ्याची कौलं हलली!

दावी घेऊन खारसिद्ध हजर. "चला, माझा कळप द्या."

"माझ्या गुरांनी मीठ खाल्लं कधी?"

"हे काय समोर खातायत!"

"नीट बघा, महाराज. जनावर मीठ चाटतं. खाल्ल्या मिठाला जागतात. चाटल्या मिठाला कोणी जागल्याचं तुम्ही ऐकलंत?"

मांत्रिकानं वाकून पाहिलं, तर ढेपेवर नुसत्या जिभाच फिरत होत्या! शब्दात हरला तो मंत्रातही हरला. राज्यातल्या सगळ्या गोठ्यांतली वाळू पुन्हा मीठ झाली. हातातली दावी टाकून खारसिद्ध आल्या वाटेनं गेला.

कमळजानं कळप वेशीबाहेर काढला. लोक विचारीत, "एवढी देखणी गुरं कोणाची?" ती उत्तर द्यायला थांबली नाही. वजीरच्या वशिंडावर हात ठेवून, मान ताठ करून ती पुढं चालत राहिली.