दहा हजार सात घागरी

फार पूर्वी एका तळ्याकाठच्या नगरात एक गणितीण राहायची. तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना डाळिंबाचे दाणेसुद्धा ती सारख्या ढिगांत मांडायची. एखादा दाणा उरला, की तिला घास गोड लागत नसे.

त्या नगराची एक रीत होती. उन्हाळ्याच्या तोंडी राजापासून सुरुवात करून प्रत्येक घराने आपली एक घागर मैदानात मांडायची. सगळ्या रांगा सारख्या हव्यात, एकही तोकडी नको. ज्या घराची घागर रांगेत, त्यालाच वर्षभर तळ्याचं पाणी. आदल्या वर्षी घागरी बरोबर दहा हजार भरल्या होत्या. शंभर रांगा, रांगेत शंभर. राजा इतका खूश झाला, की येईल त्याला तेच सांगत सुटला.

यंदा पुरात घरदार गेलेली सात कुटुंबं नगरात राहायला आली. घागरी झाल्या दहा हजार सात.

गणितीण मातीत आकडेमोड करत बसली. दोन-दोनच्या रांगा केल्या, तर एक उरत होती. तीन-तीनच्या केल्या, तर दोन. शंभरापर्यंतची एकेक संख्या लावून झाली, तरी काही ना काही उरायचंच. तिने हातातली काडी मोडून फेकली.

"आता पुढे बघण्यात अर्थ नाही. दोन संख्यांचा गुणाकार दहा हजार सात व्हायचा, तर त्यांतली लहान संख्या शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. हिचे सारखे भाग पडतच नाहीत!"

प्रधान हसला. "त्यात काय एवढं? सात जास्तीच्या आहेत. नव्या लोकांच्या काढून टाका."

"काढा एकदाच्या," गणितीण वैतागून म्हणून गेली.

शिपाई घागरी उचलू लागले. नव्या लोकांतली एक म्हातारी मात्र अगदी टोकाची आपली घागर पोटाशी धरून बसली.

"बाई, आमचीच जास्तीची, हे कशावरून ठरवलंस गं? पाण्यावाचून आम्ही जायचं कुठे?"

गणितिणीला स्वतःची लाज वाटली. तिने मैदानात येरझाऱ्या घातल्या, मग म्हातारीच्या घागरीपासून उलटं मोजत निघाली. ऊन कलल्यावर ती राजापुढे येऊन उभी राहिली.

"महाराज, मी त्या टोकाकडून मोजलं. दहा हजार पुऱ्या झाल्या, सात उरल्या. त्यांत एक आपली आहे, एक प्रधानजींची. काढू?"

प्रधानाचं हसू मावळलं. राजा चुळबुळ करत म्हणाला, "मग काय रीत मोडायची?"

"मोडायची कशाला? या संख्येची सगळ्यांना धरून एकच रांग होते. ती तळ्याभोवती मांडू या."

तशी ती मांडली. रांगेची दोन टोकं जुळली, तेव्हा राजाची घागर म्हातारीच्या घागरीशेजारी आली. पहिली कुठली आणि शेवटची कुठली, हे शोधत प्रधान तळ्याला फेरी मारून आला, पण त्याला ते सांगता येईना. म्हातारीने वाकून पाणी भरलं.

त्या दिवशी गणितिणीच्या ताटात एक दाणा उरला. तिने तो तोंडात टाकला आणि हात धुतले.

तात्पर्य: कुणाला जास्तीचं ठरवण्याआधी एकदा त्याच्या बाजूने मोजून पाहावं.