गिरजाईचं ठिगळ

“वीतभर तर तुकडा आहे, बाबा. काढला तर काय बिघडेल?”

बाजीदबाबा मांडीवर पसरलेल्या कंथेवरून हात फिरवत राहिले.

बालाघाटाच्या डोंगराखालच्या त्या मठात कंथा ज्याच्या खांद्यावर, गादी त्याची. होऊन गेलेल्या प्रत्येक गुरूच्या अंगावरच्या कापडाचं एकेक ठिगळ तिला जोडलेलं. जोग्याचं भगवं, पिराचं हिरवं, आणि मधोमध गिरजाईच्या लुगड्याचं, पार विटलेलं. गिरजाई महारवाड्यातली. बाबांच्या गुरूंची ती गुरू.

आज ही कंथा बाबांपुढे बसलेल्या त्यांच्या शिष्याला, त्र्यंबकभटाला मिळायची होती. घरदार, गोत, सगळ्यावर पाणी सोडून तो या दिवसाची वाट पाहत आला होता. आणि नेमके आजच गावचे शास्त्री आणि काझी मठाच्या दारात ठाण मांडून बसले होते. जन्मात कधी एका जाजमावर न बसलेले हे दोघे, पण गिरजाईचं नाव निघालं आणि त्यांचं लगेच गुळपीठ जमलं. तिचं ठिगळ निघालं तर त्र्यंबकभट गादीवर, नाहीतर मठाला कुलूप.

“ते म्हणतात म्हणून काढायचं?” बाबांनी विचारलं. “की तुलाच नको आहे?”

त्र्यंबकभटाने दाराकडे बोट केलं.

“मठ वाचावा म्हणून, बाबा...”

“मी तुझं विचारतोय.”



बाबांनी कंथा त्याच्यासमोर ठेवली. वर सुरी ठेवली.

“काढ.”

त्याला हायसं वाटलं. उगाच घाबरलो, असंही वाटून गेलं. त्याने ठिगळाचा कोपरा चिमटीत धरला. बाकीची बोटं कापडाला लागू नयेत म्हणून वर उचललेली. बाबा त्या बोटांकडे बघत होते.

टाका कापला. दोरा ओढला.

दोरा आला. येतच राहिला...

भगवं सुटलं. हिरवं सुटलं. बाबांच्या गुरूंचं पांढरं अलगद जमिनीवर पडलं.

त्र्यंबकभटाने घाईघाईने उरलेली कंथा उलटी केली. रोज तिला फुलं वाहिली, धूप दाखवला, पण तिची उलटी बाजू त्याने कधी पाहिलीच नव्हती. आधीच्या गुरूचा दोरा जिथे थांबला, तिथूनच पुढच्याने शिवत जायचं, ही मठाची रीत. सगळी कंथा एकाच दोऱ्यावर उभी होती.

हातातही काही उरलं नाही. त्याला रडू फुटलं.

“मी हे काय करून बसलो, बाबा?”

“सांगितलं तेच केलंस.”

बाहेरून शास्त्र्यांचा आवाज आला, “झालं का काढून?”

बाबांनी चिंध्यांतून गिरजाईचं ठिगळ उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

“हे घे. टाकून ये बाहेर.”

त्र्यंबकभट ठिगळाकडे बघत राहिला. मग त्याने ते दोन्ही हातांत घेतलं, घट्ट. या वेळी एकही बोट वर नव्हतं. डोळे पुसले, आणि ठिगळ आपल्या उघड्या खांद्यावर टाकलं.

“कंथा गेली, गादी गेली,” तो म्हणाला. “आता त्यांना काय सांगू?”

“दार उघड,” बाबा म्हणाले. “म्हणावं, बाकीचं सगळं काढलं.”