धनिका आजीची सुटका

पूर्वी करंडनगरात सुवर्चस राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या तुरुंगाचा अधिकारी होता. नाव क्षेमक. हसू नये. बोधिसत्त्व ससा झाला, हत्ती झाला, मग तुरुंगाधिकारी का होणार नाही?

त्या नगराच्या कडेला धनिका नावाची म्हातारी राहायची. नाव धनिका, आणि घरात उंदीरसुद्धा उपाशी निजायचा. नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. मुलगा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेला तो गेलाच. जन्मभर तिने बांबूच्या टोपल्या विणल्या, पण आता बोटे आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झाली होती. मार्गशीर्षात थंडी पडू लागली आणि नेमके तेव्हाच शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी तिच्या झोपडीचे छप्पर खाऊन टाकले. तुरुंगात दोन वेळा पेज मिळते, घोंगडी मिळते, अमावास्येला वैद्य येतो, असे तिने ऐकले होते. तिने मनाशी ठरवले, आता तिथेच जायचे.

पण तुरुंगात जाणे काय सोपे असते? आधी ती भर दुपारी राजाच्या बागेत शिरली आणि एक भोपळा उचलून चालू लागली. माळ्याने हाक मारली. धनिका आनंदाने थांबली.

माळी म्हणाला, “आजी, तो कोवळा आहे. हा पिकलेला घ्या. आणि उचलेल का तुम्हाला?” त्याने भोपळा घरापर्यंत पोचवला.

दुसऱ्या दिवशी ती चौकात गेली आणि तिने नगररक्षकाच्या डोक्यावरचे पागोटे काठीने उडवले. भोपळ्याला माफी मिळाली, पागोट्याला एक वर्ष.

तुरुंगात तिला पेज मिळाली, घोंगडी मिळाली, आणि वर भांडायला पाच-सहा म्हातारी माणसे मिळाली. एकटीने कावळ्याशी भांडून भांडून ती कंटाळली होती. महिन्याभरात तिच्या गालावर तजेला आला.

पण त्या राज्यात एक रीत होती. पौषात राजाचा जन्मदिवस यायचा. त्या दिवशी राजा स्वतः तुरुंगात येई, साठीच्या पुढच्या सगळ्या कैद्यांना हार घाली, लाडू देई आणि वाजतगाजत घरी सोडी. यात मोठे पुण्य आहे, असे राजाला वाटे. हे कळले आणि म्हाताऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

राजा आला. हारांचे तबक घेऊन अमात्य काळकंठ मागे उभा राहिला. पहिला होता गोभद्र, जुना घोडेचोर.

“वय काय तुझं?” राजाने विचारले.

“एकतीस, महाराज.”

“आणि केस पांढरे?”

“जात्यावरचं पीठ उडालं.”

“दात?”

“अजून यायचेत, महाराज.”

राजा पुढे सरकला. धनिका पदर डोक्यावर घेऊन लाजून उभी होती.

“आजी, तुमचं वय?”

“आजी कोणाला म्हणता? माझं अजून लग्न ठरायचंय!” ती म्हणाली. मग तिने एका हाताने लाडू घेतला आणि दुसऱ्या हाताने खांब धरला. “हार दुसऱ्या कुणाला घाला. मी कुठं जात नाही.”

राजाचा चेहरा पडला. काळकंठ संतापला. “महाराज, हे तुरुंगाधिकाऱ्याचे लाड! पेज पातळ करा, घोंगड्या काढून घ्या. मग बघा ही म्हातारी कशी पळतात!”

राजाने क्षेमकाकडे पाहिले. क्षेमक हात जोडून म्हणाला, “आज्ञा होईल तसं करतो, महाराज. पण आधी रीत पुरी होऊ द्या. आजींना घरी सोडून येऊ.”

धनिकेने त्याच्याकडे असे पाहिले, की दूध नासावे. पण राजापुढे कोणाचे चालते? ढोल वाजले, शिंगे वाजली, आणि मिरवणूक तिच्या दारात आली. दार म्हणायचे, पण त्याला फळीसुद्धा नव्हती. आत तीन बकऱ्या बसल्या होत्या. वर आभाळ.

धनिका किती झाले तरी घरधनीण. म्हणाली, “या महाराज, बसा. ती काळी बकरी उठली की जागा होईल.”

राजा उभाच राहिला. “आजी, चूल कुठंय?”

“त्या बकरीखाली. आता काय, पेटायची ती एक दिवसाआड.”

ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. काळकंठ मात्र पुटपुटला, “तरी पेज पातळ करावीच.”

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, “करू ना. पण किती पातळ, ते ठरवा. आजी इथं एक दिवसाआड जेवत होत्या. तुरुंग याहून वाईट करायचा तर तीन दिवसांनी एकदा वाढावं लागेल. मग माणसं मरतील, आणि ते महाराजांच्या नावावर जाईल. तुरुंगात सुख फार झालेलं नाही, अमात्य. बाहेर दुःख फार झालंय.”

राजाने बराच वेळ त्या उघड्या आभाळाकडे पाहिले. मग विचारले, “क्षेमका, काय करू?”

“सुतार बोलवा, महाराज. तुरुंगातल्या म्हाताऱ्यांच्या ओवरीच्या दाराची कडी बाहेरून आहे, ती काढून आतून बसवू. पेज तीच, घोंगडी तीच. फक्त तिथं राहण्यासाठी कुणाचं पागोटं पाडावं लागू नये.”

संध्याकाळच्या आत कडी आतून बसली. नगरातल्या ज्या म्हाताऱ्यांना कोणी नव्हते, तेही काठ्या टेकत तिथे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेमक नेहमीप्रमाणे फेरीला गेला. दार लागलेले. त्याने कडक थंडीत थाप मारली.

“कोण आहे?” आतून धनिकेचा आवाज आला.

“मी क्षेमक, आजी. तुरुंगाधिकारी.”

“मग थांब बाहेरच. गोभद्राचा आत्ता कुठं डोळा लागलाय. कैद्यांसारखं काय मोजतोस आम्हाला?”

क्षेमक दोन्ही हात काखेत धरून दाराबाहेर कुडकुडत उभा राहिला, आणि त्याच्या मनाला इतके सुख पूर्वी कधी झाले नव्हते.

पुष्कळ जन्मांनंतर, बुद्धांच्या विहारात एका म्हाताऱ्या भिक्षूला चुलीजवळची जागा दिली म्हणून काही तरुण भिक्षू कुरकुरत होते. त्यांना ही गोष्ट सांगून तथागत म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा काळकंठ म्हणजे तुमच्यातला सगळ्यात मोठ्याने कुरकुरणारा. गोभद्र म्हणजे चुलीजवळचा हा वृद्ध भिक्षू. धनिका म्हणजे ती वृद्ध भिक्षुणी, जिच्यापुढे मीसुद्धा जपून बोलतो. राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक. आणि दाराबाहेर कुडकुडणारा क्षेमक मीच होतो.”

ही करुणा पारमिता.