गुणांवाचून काय अडलं?

तालुक्यात गुणवंतांचा सत्कार होता आणि प्रमुख पाहुणे होते तीन कॉलेजांचे संस्थापक आप्पासाहेब धुमाळ. गळ्यातला हार सावरत ते तासभर स्वतःचंच कौतुक सांगत राहिले. "दहावीला मी दोनदा गचकलो, पण आज प्राध्यापक माझ्यापुढं हात बांधून उभे असतात. सांगा, गुणांवाचून माझं काय अडलं?"

टाळ्या थांबल्या, तशी मैत्रिणीचा सत्कार बघायला आलेली वैजयंता मागच्या रांगेतून उठली. गुण कमी म्हणून आप्पासाहेबांच्याच कॉलेजानं तिला कालच दारातून परत पाठवलं होतं.

"काहीच अडलं नाही, साहेब," ती नम्रपणे म्हणाली. "तेव्हा तुमचं कॉलेज नव्हतं ना."

मग पहिली टाळी पडली, ती प्राध्यापकांच्या रांगेतून.