धूर तोलणारा काटा

एका राज्यात काळ्या दगडांचा डोंगर होता. ते दगड लाकडाहून दुप्पट धगधगत. राजा वज्रबाहूने तो डोंगर जादूगार काजळकंठाकडे मागितला.

“घे,” जादूगार म्हणाला. “मात्र धूर तुझी सीमा ओलांडणार नाही.”

राजा हसला. बारा वर्षे भट्ट्या पेटल्या. तांबे आले, वैभव आले आणि धूर साठत गेला. भरदुपारी दिवे लावावे लागले. तान्ही मुले खोकत खोकतच झोपी जात.

तेव्हा राजकन्या वेत्रवती डोंगर चढली. तिथे एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, “तीन कामे कर. जादूगाराच्या गुहेतून धूर तोलणारा काटा आण. ज्याचा धूर, त्याच्याकडून धुराच्या भाराइतके सोने घे. आणि ते सोने सूर्यास्तापूर्वी प्रजेच्या हाती दे.”

“धूर तर हलका असतो.”

“त्या काट्यावर नसतो.”

काजळकंठाने काटा दिला. “ने. सोने द्यायला कोण पुढे येते ते पाहू.”

राजकन्येने काटा दरबारात आणला, तेव्हा भट्टीवाल्यांचा प्रमुख रुद्रट गरजला, “आधी राजवाड्याची भट्टी तोला!”

राजकन्येने तोलली. पारडे कर्रकन जमिनीला टेकले. राजाने मुकुट उतरवून दुसऱ्या पारड्यात ठेवला. तो पुरला नाही. सिंहासनाचे सोनेरी पाय काढले, तेव्हा काटा सम झाला. राजा जमिनीवर बसला. ते पाहून रुद्रटाने कमरेचा मोहरांचा कसा सोडला.

मग रंगारीण मैनावती आली. “माझी एकच कढई. मी सोने कुठून आणू, बाईसाहेब?”

“आणू नकोस. तुला काय हवे ते सांग.”

“डोंगरापलीकडे उकळत्या पाण्याचे झरे आहेत. ते पाणी दारी आले तर विस्तव हवा कशाला?”

सारे सोने पाथरवटांना आणि मजुरांना वाटले. हजार हातांनी डोंगर कोरला. सूर्यास्तापूर्वी गरम पाण्याचा पाट नगरात शिरला. त्याच क्षणी धुराचे छत मधोमध फाटले. काजळकंठाची जादू संपली आणि तो राज्य सोडून निघून गेला.

पुढे भट्ट्या कमी झाल्या, पाट वाढले. दरवर्षी काटा दरबारात येई आणि पहिली पाळी राजाची असे. एके सकाळी रुद्रट मैनावतीच्या दारी आला.

“मला थोडे पाणी मिळेल का? दोन भट्ट्या विझवल्या आहेत. आता कापड रंगवीन म्हणतो.”

मैनावतीने बाही सावरली. “रांगेत उभे राहा, शेठ. पाणी पुष्कळ आहे.”